रस्ता कोणाचा, अर्ज कोणाला? साताऱ्यातील वाचकांचे प्रश्न

पार्किंग, कचरा आणि वाहतुकीबद्दल विचारणाऱ्या बहुतेक पत्रांचा शेवट सारखाच आहे: ‘पालिकेला सांगून उपयोग होत नाही.’ मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत बरीच वर्षं स्वच्छता निरीक्षक होतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसून असे अर्ज वाचले आहेत. खऱ्या तक्रारीही का पडून राहतात हे तिथूनच नीट दिसतं. अर्ज चुकीच्या दारात जातो, किंवा एकाच कागदावर दहा दुखणी लिहिलेली असतात, म्हणून कुठलाच विभाग तो आपला मानत नाही.

प्रश्न (मल्हार पेठ): आमची गल्ली जेमतेम दोन रिक्षा जातील एवढी. बाजारात येणारे लोक आमच्या फाटकासमोर चारचाकी लावून जातात. मध्यंतरी वडिलांना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं, पण गाडी बाहेर काढता आली नाही. पालिका म्हणते पोलिसांकडे जा. पोलीस म्हणतात, तिथे नो पार्किंगचा बोर्ड नाही. आम्हीच बोर्ड लावला तर चालेल का?

उत्तर: वडील आता बरे असतील अशी आशा करतो. अशा रात्री काय जिवाचं पाणी होतं, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळतं.

फाटक अडवणाऱ्या गाडीसाठी बोर्डाची गरजच नाही. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनुसार कुणाच्या आवाराची ये-जा अडेल अशी गाडी लावायला मनाई आहे. फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, चौकाचं तोंड आणि बसथांबा इथेही तीच मनाई. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १२२ अडथळा होईल अशा रीतीने वाहन सोडून जाण्याबद्दल आहे. कलम १२७ खाली गणवेशातला पोलीस अधिकारी अडथळा करणारी गाडी उचलायला लावू शकतो, आणि उचलण्याचा खर्च गाडीमालकाकडून घेतला जातो. दहा तासांहून जास्त वेळ बेवारस पडलेल्या गाडीलाही हेच कलम लागतं. तेव्हा वाहतूक शाखेला ‘बोर्ड लावा’ म्हणू नका. ‘फाटक अडलं आहे, कलम १२२ आणि १२७ प्रमाणे कारवाई करा’ असं सांगा. गाडीचा नंबर, वेळ आणि फाटकासकट फोटो द्या. रुग्णाला न्यायचं असेल, तर अर्जाचा विचार न करता सरळ ११२ लावा.

तुम्ही स्वतः लावलेल्या बोर्डाला कायद्याचं बळ नाही. आणखी एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. फाटकासमोरची वाट मोकळी मिळणं हा तुमचा हक्क आहे, पण त्या जागेवर स्वतःची गाडी लावायचा राखीव हक्क तुम्हालाही नाही. कुंड्या, दगड किंवा सिमेंट भरलेले डबे ठेवून रस्त्यावर जागा धरणं हाही अडथळाच, आणि पालिका तो उचलू शकते. पेठांमधून फिरताना असे डबे मला फार दिसतात. तक्रार करणाऱ्याच्याच दारात डबा असेल, तर पाहणीला आलेला माणूस तिथूनच मागे फिरतो.

कायमचा उपाय हवा असेल तर सम-विषम तारखेचं पार्किंग मागा, म्हणजे एक दिवस एका बाजूला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला. हे पालिकेच्या ठरावाने होत नाही. त्यासाठी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ ची अधिसूचना लागते, आणि ती पोलीस व जिल्हा प्रशासनाच्या बाजूने निघते. पट्टे मारणं, फलक उभारणं हे काम पालिकेचं. म्हणून एकच अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावे करा आणि त्याची प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्या. अर्जात गल्लीची रुंदी तीन ठिकाणी टेपने मोजून लिहा. सकाळचा आणि संध्याकाळचा फोटो लावा. गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या सह्या घ्या. एकाच बाजूच्या सह्या असल्या की दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूचा विरोधी अर्ज येतो, आणि प्रकरण थंड होतं. महिन्याभराच्या प्रयोगाचीच मागणी केलीत तर काम लवकर होण्याची शक्यता जास्त, कारण एक महिन्यापेक्षा जास्त नसलेल्या निर्बंधासाठी राजपत्रात प्रसिद्धी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते.

प्रश्न (राजपथ): आमच्या शेजारच्या इमारतीत तळघराचं पार्किंग होतं. आता तिथे गोदाम आहे, आणि गिऱ्हाइकांच्या दुचाक्या वरच्या रस्त्यावर दुहेरी रांगेत. हा वाहतुकीचा प्रश्न की बांधकामाचा?

उत्तर: बांधकामाचा. रस्त्यावरच्या गाड्यांवर रोज कारवाई झाली तरी तळघर मोकळं होईपर्यंत नव्या गाड्या येतच राहणार. माहिती अधिकारात त्या इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागा. नकाशात ‘वाहनतळ’ लिहिलेल्या जागेचा वेगळा वापर चालू असेल, तर नगररचना अधिनियम, १९६६ खाली नोटीस देण्याचा अधिकार पालिकेला आहे. अर्जाला नकाशाची प्रत जोडा, म्हणजे ‘तपासून पाहू’ म्हणायला जागा उरत नाही.

प्रश्न (केसरकर पेठ): आमच्या कोपऱ्यावरचं कोंडाळं पालिकेने काढलं. तरी लोक तिथेच कचऱ्याच्या पिशव्या टाकतात. कुत्री त्या फाडतात, गाई येतात. सफाई कामगार सकाळी उचलून नेतात, दुपारी पुन्हा ढीग. गटारातून काढलेला गाळही आठवडाभर काठावरच पडून असतो. दंडाचे बोर्ड लावा म्हणून आम्ही तीन वेळा लिहिलं.

उत्तर: या प्रश्नावर मला जरा जास्त बोलू द्या, कारण माझ्या नोकरीतली मोठी चूक अशाच एका कोपऱ्यावर झाली.

मी होतो त्या गावातही असाच एक ढीग होता. आम्ही कोंडाळं उचललं, बोर्ड रंगवला, दंड लावला. ढीग तसाच. त्या आळीतल्या काही बायका मला भेटायला आल्या आणि म्हणाल्या, ‘साहेब, घंटागाडी साडेनऊला येते. आम्ही आठला कामावर जातो. कचरा घरात ठेवायचा कुठे?’ मी त्यांना कचरा शेजारी द्यायला सांगितलं आणि वाटेला लावलं. पुढे एका म्हाताऱ्या मुकादमाने मला कोपऱ्यावर सकाळी सातपासून उभं केलं. आठच्या आत निम्म्याहून जास्त पिशव्या पडल्या, आणि टाकणाऱ्या बहुतेक त्याच बायका होत्या. घंटागाडीची फेरी उलट्या टोकापासून सुरू केली, ती त्या आळीत सातला पोचू लागली, आणि महिन्याभरात ढीग ओसरला. त्या बायकांनी मला उत्तर आधीच आणून दिलं होतं, आणि मी ते ऐकलं नव्हतं.

म्हणून चौथा अर्ज लिहिण्याआधी आठ दिवस कोपऱ्यावर नजर ठेवा. कोण टाकतं यापेक्षा किती वाजता टाकतात ते वहीत लिहा. सकाळी लवकर पिशव्या पडत असतील तर घंटागाडीच्या वेळेची अडचण. रात्री दहानंतर पडत असतील तर बहुधा खाण्याच्या गाड्या किंवा दुकानं. दुपारी पडत असेल तर बहुतेक वेळा बाहेरून येता-जाता टाकलेलं. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि दंडाचा बोर्ड फक्त शेवटच्या दोघांना थोडाफार लागू पडतो. ही वेळांची नोंद अर्जाला जोडून आरोग्य विभागाच्या स्वच्छता निरीक्षकाला द्या. शक्य झाल्यास तुमच्या भागाच्या मुकादमाशी आधी बोला. गाडीचा मार्ग प्रत्यक्षात तोच चालवतो.

गाळाबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. ओला गाळ लगेच भरला तर गाडीतून रस्ताभर गळतो, म्हणून तो थोडा निथळू देतात. त्याला एखाद-दोन दिवस पुरतात. आठवडा झाला तर गाळ उपसायला माणसं आणि उचलायला गाडी यांचं वेळापत्रक जुळलेलं नाही, असं समजा. साताऱ्यात तर अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून पाणी जोरात येतं. वळवाची एक सर आली की काठावरचा गाळ पुन्हा गटारात, आणि खालच्या पेठेचं गटार तुंबतं. अर्जात ‘गाळ काढला त्याच आठवड्यात उचलावा’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक तारखेला काढलेला गाळ अमुक तारखेपर्यंत पडून होता’ असं फोटोसह लिहा.

आणि घरातला ओला, सुका व सॅनिटरी कचरा वेगळा द्या. काच आणि डायपर एकाच पिशवीत आले की कामगाराचा हात कापतो. मी ते हात पाहिले आहेत.

प्रश्न (विलासपूर): आम्ही आता पालिकेत आलो, घरपट्टी भरतो, पण रस्ता विचारला की ‘तो आमच्याकडे नाही’ असं उत्तर मिळतं.

उत्तर: २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर यांसारखी उपनगरं शहरात आली. पण हद्दीत असलेला प्रत्येक रस्ता पालिकेचाच असतो असं नाही. महामार्ग आणि त्याचा सेवा रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतो. शहरातून बाहेर जाणारे काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. सगळ्यात जास्त घोळ होतो तो लेआउटमधल्या अंतर्गत रस्त्यांचा. बिल्डरने प्लॉट विकले, पण रस्ता आणि मोकळी जागा पालिकेकडे हस्तांतरित केली नाही, तर कागदावर तो रस्ता खाजगीच राहतो, आणि खाजगी जागेवर पालिकेचा निधी टाकायला लेखापरीक्षक हरकत घेतात. बांधकाम विभागात जाऊन तुमचा रस्ता पालिकेच्या रस्त्यांच्या नोंदीत आहे का, एवढं एकच विचारा. नोंद नसेल, तर डांबरीकरणाआधी हस्तांतरणाची मागणी करा. झाडलोट आणि कचरा उचलणं मात्र यासाठी अडवून ठेवता येत नाही.

प्रश्न (समर्थ मंदिर परिसर): कासला फुलांचा हंगाम सुरू झाला की शनिवार-रविवारी बोगद्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. मुलांना रस्ता ओलांडता येत नाही. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक हवा.

उत्तर: कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. गर्दी वाढणारच आणि तुमची काळजी खरी आहे, पण प्रत्येक तोंडाशी गतिरोधक मागू नका. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा, चढ-उतार गोलसर, आधी सूचना फलक आणि वर पांढरे पट्टे. आपल्याकडे एका रात्रीत टाकलेले डांबराचे उंचवटे दुचाकीवरच्या माणसाला आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णाला दोघांनाही घातक ठरतात. शिवाय तुमची अडचण हंगामात रांगेची जास्त आहे, वेगाची कमी. रांगेतून मुलांना वाट हवी, आणि ती देतो माणूस. हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी वाहतूक शाखेला लिहून शनिवार-रविवारी ठरावीक वेळेत पोलीस किंवा होमगार्ड मागा. शाळेसमोर झेब्रा पट्टे आणि एक नियमात बसणारा गतिरोधक मागा. बाकी दिवसांचा वेग त्यानेही आटोक्यात येतो.

प्रश्न (सदर बझार): रस्ता झाडल्यावर पाचोळा तिथेच पेटवतात. आईला दमा आहे.

उत्तर: उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये त्यासाठी ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. धुराचा फोटो वेळेसह स्वच्छता ॲपवर टाका. आणि अंगणात जागा असेल तर पाचोळ्याचा खड्डा करून खत बनवा, आमच्या गल्लीत आम्ही तेच करतो.

प्रश्न (गोडोली): संध्याकाळी हातगाड्यांमुळे अर्धा रस्ता जातो. पालिका त्यांना उचलत का नाही?

उत्तर: कारण नुसतं उचलणं कायद्यात बसत नाही, आणि माझ्या मते बसूही नये. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र आणि विक्रीची जागा. जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस. हे सगळं नगर पथविक्रेता समितीत ठरतं. तिथे किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात, आणि रहिवासी संघांनाही जागा असते. ती जागा बहुतेक गावांत कुणी मागतच नाही. तुमच्या कॉलनीने मागावी. ‘गाड्या काढा’ऐवजी ‘वळणापासून इतक्या अंतरावर, एका रांगेत, प्रत्येक गाडीशी कचऱ्याचा डबा’ अशी मागणी न्या. संध्याकाळी सहा वाजता तीच भाजी आपणही घेतो.

प्रश्न (शाहूपुरी): घरासमोरच्या तुंबलेल्या गटारासाठी तीन अर्ज दिले. एकाचंही उत्तर नाही. आता काय?

उत्तर: तिन्ही अर्जांची पोच आहे का? आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख असलेली प्रत हातात नसेल, तर नवा अर्ज टपाल शाखेत द्या आणि प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. साहेबांच्या हातात दिलेला अर्ज कागदोपत्री कुठेच दिलेला नसतो.

पोच असेल तर दोन वाटा एकदम धरा. पहिली लोकशाही दिनाची, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायला ठेवलेल्या दिवसाची. जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. तिथे वैयक्तिक स्वरूपाचीच तक्रार घेतात. म्हणून ‘शाहूपुरीतील गटारांची दुरवस्था’ असं लिहू नका. ‘माझ्या घरासमोरचं गटार, आवक क्रमांक अमुक’ असं लिहा.

दुसरी वाट माहिती अधिकाराची. शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘काम का केलं नाही’ विचारलंत तर ती माहिती होत नाही असं उत्तर येतं. कागद मागा: माझ्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत, त्या भागाच्या गटार सफाईची नोंदवही, ठेका दिला असेल तर करारनाम्याची प्रत. मी नोकरीत असताना असा अर्ज आला की मूळ फाइल कपाटातून बाहेर यायचीच, आणि पुष्कळदा माहिती देण्याआधी गटार साफ व्हायचं.

अर्ज द्याल त्याच दिवशी कॅलेंडरवर तिसावा दिवस लिहून ठेवा. तोवर उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. त्यावर २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि सोबत पोच घेतलेल्या प्रतीची झेरॉक्स जोडा. मूळ प्रत कुणालाही देऊ नका.