इंग्रजीत मालक दोनदा येतो: 'माय', 'हिज', 'देअर' कुठे लागतात आणि कुठे नाही

तासगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात 'ऑन माय वे', 'मेड अप हर माइंड', 'लॉस्ट हिज टेम्पर', 'टुक मी बाय द हँड' असे प्रयोग रोज समोर येतात. कुठे 'माय-हिज' असतं, कुठे 'द', तर कुठे काहीच नाही. क्लासमध्ये "हे पाठच करायचं असतं" एवढंच सांगितलं गेलं. यामागे काही सूत्र आहे का?

आहे. मी सांगलीत बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आणि "पाठ करा" हे उत्तर मला अजिबात पटत नाही. काही गोष्टी पाठ कराव्या लागतात, पण त्या शेवटी. आधी आपली मराठी काय करते ते पाहा, म्हणजे निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

आपण म्हणतो, 'त्याचा पाय मोडला', 'तिचा तोल गेला', 'माझं पाकीट हरवलं', 'त्याचा संयम सुटला'. या सगळ्या वाक्यांत कर्ता कोण? पाय, तोल, पाकीट, संयम. माणूस बिचारा 'त्याचा', 'तिचा', 'माझं' एवढ्यापुरता बाजूला उभा असतो. इंग्रजी त्या माणसालाच कर्त्याच्या जागी बसवते आणि नामाच्या आधी त्याला पुन्हा एकदा आणते: ही ब्रोक हिज लेग. शी लॉस्ट हर बॅलन्स. आय लॉस्ट माय वॉलेट. ही लॉस्ट हिज पेशन्स. मालक दोनदा आला, एकदा कर्ता म्हणून आणि एकदा पझेसिव्ह म्हणून, म्हणजे 'माय', 'हिज', 'हर' असा मालकी दाखवणारा शब्द म्हणून. आपल्या मुलांना वाटतं, एकदा 'आय' म्हटलं, मग 'माय' कशाला? म्हणून ती 'आय लॉस्ट वॉलेट' लिहितात. आणि ज्यांना 'माय' आठवतं, ती 'माय वॉलेट लॉस्ट' लिहितात, कारण डोक्यात 'माझं पाकीट हरवलं' हेच वाक्य असतं.

दुसरी सवय म्हणजे मराठीत मालक उघड असला की आपण तो गाळतो. 'दात घास', 'हात धुऊन ये', 'तिनं मान हलवली'. कुणाचे दात, कुणाची मान, हे सांगायची गरजच नसते. इंग्रजीत मात्र ब्रश युअर टीथ, वॉश युअर हँड्स, शी शुक हर हेड. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि शिक्षणासाठी आयुष्य वेचलं, असं आपण म्हणतो. 'स्वतःचं आयुष्य' म्हणत नाही. इंग्रजीत ते 'ही डिव्होटेड हिज लाइफ टु एज्युकेशन' असं होतं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये नाव कमावलं, ते 'ही मेड हिज नेम ॲट हेलसिंकी'. यातला 'हिज' काढला तर वाक्य लंगडं पडतं.

'आपला' या शब्दाकडे वेगळं लक्ष द्या. 'सावित्रीबाईंनी आपल्या पतीसोबत १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली.' इथे 'आपल्या' वरून मालक बाई की पुरुष काही कळत नाही. 'या'चा प्रत्यय पतीकडे बघून लागलेला आहे. भाषांतर करताना डोळा 'पती'वर पडतो आणि हातून 'हिज हसबंड' लिहून जातं. इंग्रजीला मागे कोणतं नाम आलंय याच्याशी देणंघेणं नाही, ती फक्त मालक बघते. मालक सावित्रीबाई, म्हणून 'हर हसबंड'. नदीचं उलट आहे. कृष्णा आपल्यासाठी 'ती'च, पण व्याकरणाच्या पेपरात 'द कृष्णा बर्स्ट इट्स बँक्स', म्हणजे कृष्णा पात्राबाहेर आली. या 'इट्स'वर अपॉस्ट्रॉफी नाही. ती दिली की त्याचा अर्थ 'इट इज' होतो.

आता 'द' चं बघू, कारण खरी अडचण तिथे आहे. 'शी टुक मी बाय द हँड' यात 'माय हँड' का नाही? कारण मालक 'मी' म्हणून कर्माच्या जागी आधीच येऊन बसलाय. मालक कर्म म्हणून आला की इंग्रजी अवयवाआधी 'द' पसंत करते: सरांनी त्याची पाठ थोपटली, 'ही पॅटेड हिम ऑन द बॅक'. मधमाशी त्याच्या मानेला चावली, 'अ बी स्टंग हिम ऑन द नेक'. 'ऑन हिज नेक' कानावर पडतं, पण पेपरात पर्याय दिले असतील तर 'द' धरा. हेच वाक्य पॅसिव्हमध्ये गेलं तरी 'द' टिकतो: ही वॉज स्टंग ऑन द नेक. इथे पुष्कळ जण फसतात, कारण वरवर मालक कर्ता दिसतो. पण तो मूळचा कर्मच आहे.

कर्माच्या जागी माणूस नसेल तर पुन्हा पझेसिव्ह हवाच. 'तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला' यात मराठीला एकच 'माझ्या' पुरतं. इंग्रजीला दोन लागतात: शी पुट हर हँड ऑन माय शोल्डर. हे एक वाक्य नीट कळलं तर वरचं सगळं कळलं असं मी समजते.

आता ठरलेल्या शब्दजोड्यांकडे येऊ. यात मालक कोण हे ठरवायला डिक्शनरी स्वतः मदत करते, पण तिकडे कुणी बघत नाही. 'मेक अप वन्स माइंड', 'ऑन वन्स वे' असं 'वन्स' छापलेलं असेल तर मालक म्हणजे कर्ताच. म्हणून 'शी इज ऑन हर वे टु कराड', 'आय मेड अप माय माइंड'. पण 'पुल समवन्स लेग', 'बिहाइंड समवन्स बॅक' असं 'समवन्स' असेल तर मालक सहसा दुसराच कुणी असतो: दे टॉक्ड बिहाइंड हिज बॅक, म्हणजे त्याच्या पाठीमागे बोलले. 'वन्स' जसाच्या तसा उतरवून 'आय मेड अप वन्स माइंड' लिहिलेल्या वह्या मी तपासल्या आहेत. तो शब्द फक्त जागा दाखवायला असतो. 'टु माय सरप्राइज', 'इन माय ओपिनियन' यांत मालक म्हणजे ज्याला आश्चर्य वाटलं किंवा ज्याचं मत आहे तो, मग वाक्याचा कर्ता कुणीही असो.

मालकाचं नाव किंवा पद लिहायचं असेल तर यातल्या काही जोड्या 'ऑफ' घेतात. 'इन हिज ॲब्सेन्स', पण 'इन द ॲब्सेन्स ऑफ द प्रिन्सिपल'. 'ऑन माय बिहाफ', पण 'ऑन बिहाफ ऑफ माय फादर'. अर्ज लिहिताना हे रोज लागतं. 'ऑफ'नंतर 'माइन'ही येतं: 'अ फ्रेंड ऑफ माइन', 'ऑफ मी' नव्हे.

पाठ कराव्या लागतात त्या जोड्या ज्यांत पझेसिव्ह असण्या-नसण्याने अर्थच पालटतो. 'डोन्ट लूज हार्ट' म्हणजे खचू नकोस. 'शी लॉस्ट हर हार्ट टु हिम' म्हणजे ती त्याच्या प्रेमात पडली. 'धिस विल टेक टाइम' म्हणजे याला वेळ लागेल. 'टेक युअर टाइम' म्हणजे सावकाश कर, घाई नाही. 'द मीटिंग टुक प्लेस' म्हणजे बैठक झाली. 'शी टुक हर प्लेस' म्हणजे ती आपल्या जागेवर बसली. अशा जोड्या दिसतील तशा शेजारी-शेजारी लिहून ठेवा, एकेकट्या नको.

अनेकवचनात आणखी एक खाच आहे. '२०१९ च्या महापुरात कित्येक कुटुंबांनी घर गमावलं' असं आपण एकवचनात म्हणतो. इंग्रजीत प्रत्येकाचं वेगळं असलं की नामही सहसा अनेकवचनी होतं: मेनी फॅमिलीज लॉस्ट देअर होम्स. तसंच 'दे मेड अप देअर माइंड्स'. मात्र सगळे एकाच वाटेवर असतील तर 'दे आर ऑन देअर वे', तिथे 'वेज' नाही.

राहिला 'आय इन्सिस्टेड ऑन हिज कमिंग' हा प्रकार, जो ताईंनी विचारला नाही पण पेपरात येतो. प्रिपोझिशननंतर 'आयएनजी'चं रूप नामासारखं वापरलं की औपचारिक इंग्रजी त्याच्याआधी पझेसिव्ह मागते. बोलताना 'हिम कमिंग' सर्रास चालतं, पण दोन्ही पर्याय समोर असतील तर 'हिज'वर खूण करा.