पाचवा गिअर घेण्याआधी फेरे मोजा
वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

प्रश्न : काटोलहून नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचे क्रेट नेतो. पिकअप जुनी महिंद्रा, चार गिअरची, आरसीवर २५२३ सीसी. साठच्या वेगाला इंजिन फार ओरडतं. पाच गिअरचा सेकंड हँड बॉक्स मिळतोय. एक मिस्त्री म्हणतो सरळ बसेल, दुसरा म्हणतो जॉइंट (बॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा प्रोपेलर शाफ्ट) कापावा लागेल. मुळात माझ्या गाडीत कोणता बॉक्स आहे, ते कसं ओळखायचं? – एक वाचक, काटोल

उत्तर : दुसऱ्या मिस्त्र्याचं ऐका. ‘सरळ बसेल’ हे ज्याने दोन्ही बॉक्स शेजारी ठेवून मोजले, त्यानेच म्हणावं.

ओळख इंजिनापासून सुरू करा. २५२३ सीसी म्हणजे महिंद्राचं एमडीआय इंजिन. जुन्या महिंद्रात येणारं, प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या घराण्यातलं एक्सडीपी २११२ सीसीचं आणि एक्सडी३पी २४९८ सीसीचं. पण इतक्या जुन्या गाडीत इंजिन बदललेलं असू शकतं, म्हणून ब्लॉकवरचा नंबर आरसीशी ताडून पाहा. हे आधी करायचं कारण असं, की बॉक्स तोच असला तरी बेल हाउसिंग (बॉक्सला इंजिनाशी जोडणारं घंटेच्या आकाराचं कवच) इंजिनाप्रमाणे वेगळी येते. प्यूजोवरून उतरलेला बॉक्स एमडीआयला तसाच लागेल असं धरू नका.

मग गाडीखाली. सोबत डिझेल, तारेचा ब्रश, लोहचुंबक आणि खडू. केसिंगवरचा चिखल-तेलाचा थर काढला की ओतीव अक्षरं दिसतात. त्यांचा फोटो काढून ठेवा. चुंबक चिकटला तर केसिंग बिडाचं, नाही चिकटला तर ॲल्युमिनियमचं. जुन्या महिंद्रात चार गिअरचा केएमटी-९० असतो. त्याचं केसिंग बिडाचं आणि लिव्हर वरच्या झाकणातूनच निघतो. बीए-१० पाच गिअरचा, ॲल्युमिनियमचा, मूळ प्यूजोचा. त्याचं केसिंग लांबीत दोन फाकांचं असल्याने जोडाची रेघ पुढून मागे धावते. एनजीटी-५२० हा बोलेरोच्या पिढीतला पाच गिअरचा. लिव्हरच्या मुठीवर छापलेल्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. मूठ कुठल्याही दुकानात मिळते आणि चार गिअरच्या गाडीवर पाचाची मूठ सर्रास दिसते.

आता पैसे द्यायच्या आधीचं काम. पाच गिअर म्हणजे टॉपला आराम, असं नसतं. काही पाच गिअरच्या बॉक्समध्ये पाचवाच डायरेक्ट असतो, म्हणजे इंजिन आणि मागचा शाफ्ट सारखेच फिरतात, तुमच्या आजच्या चौथ्याइतकेच. मधले गिअर जवळजवळ येतात, ओढ चांगली मिळते, पण साठला इंजिन आहे तितकंच ओरडतं. तुम्हाला हवाय तो ओव्हरड्राइव्ह, म्हणजे मागचा शाफ्ट इंजिनापेक्षा जलद फिरवणारा गिअर, आणि तो दुकानातच तपासता येतो. बॉक्स लाकडावर ठेवा, पाचवा टाका, दोन्ही शाफ्टवर खडूची रेघ मारा. मागचा शाफ्ट बरोबर दहा वेळा फिरवा. पुढचाही दहा फिरला तर पाचवा डायरेक्ट. आठ-सव्वाआठ फिरला तर ओव्हरड्राइव्ह.

तसंच मागच्या ॲक्सलचं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचलून खाली स्टँड द्या; दुसरं जमिनीवरच राहू द्या. उचललेलं चाक २० फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक थांबलेलं असल्याने २० फेऱ्यांत क्राउन (ॲक्सलमधला मोठा गिअर) १० वेळाच फिरतो. शाफ्ट ४९ ला किंचित कमी फिरला तर रेशो ४.८८, ४१ फिरला तर ४.१.

टायरचा घेर गाडी लादलेली असताना घ्या. चाकावर आणि रस्त्यावर खूण करा, गाडी एक फेरा ढकला, अंतर टेपने मोजा. समजा ते २.२५ मीटर आलं आणि ॲक्सल ४.८८ चा निघाला. ताशी ६० ला चाक मिनिटाला साधारण ४४४ वेळा फिरतं, म्हणून डायरेक्ट गिअरमध्ये इंजिन २१७० वर. पाचवा ०.८३ चा (खडूच्या मापात दहाला ८.३ फेरे) असेल तर तेच १८०० वर येतं. मिनिटाला ३७० फेरे वाचले, हा तुमचा फायदा. त्याची किंमतही कळू द्या : पाचव्यात चाकावरची ओढ १७ टक्के कमी होते. भरलेले क्रेट, समोरून वारा आणि चढ असेल तर हात पुन्हा चौथ्याकडेच जाणार. रिकाम्या परतीला पाचवा खरा कामाचा. तुमच्या फेऱ्यांत भरून जाणं किती आणि रिकामं येणं किती, हे धरून पैशाचा हिशेब मांडा.

बसवण्यात लोक अडतात ते क्लचपाशी. नियम सोपा आहे : प्लेटच्या मधल्या हबचे दात नव्या बॉक्सच्या इनपुट (इंजिनाकडच्या) शाफ्टचे, प्लेटचा व्यास मात्र तुमच्या फ्लायव्हीलचा. व्हर्नियरने शाफ्टची जाडी घ्या, दात मोजा, टोकाचा पायलट, म्हणजे क्रँकच्या भोकातल्या बुशात बसणारा भाग, मोजा. पायलट ढिला राहिला तर शाफ्टचं टोक डगमगतं. दोन महिन्यांत पुढचं बेअरिंग आवाज करतं आणि दोष सेकंड हँड बॉक्सला लागतो. इनपुट शाफ्ट लांब असेल तर तो क्रँकच्या भोकात टेकतो. तशात बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेतला तर केसिंगचा कान तुटतो. बॉक्स हाताने ढकलून इंजिनला पूर्ण चिकटला पाहिजे. बोल्टचं काम नुसतं धरून ठेवायचं.

दुसऱ्या इंजिनाची बेल हाउसिंग किंवा ॲडॉप्टर लावणार असाल तर डायल गेज (भोक मध्यावर आहे का ते काट्यावर दाखवणारं माप) लावून फ्लायव्हील फिरवा. हाउसिंगचं मधलं भोक पाव मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ दाखवत असेल तर तसंच बसवू नका. लेथवाल्याकडे जा.

नवा बॉक्स लांब असला की प्रोपेलर शाफ्ट आखूड करावा लागतो, तुमचा दुसरा मिस्त्री तेच सांगतो आहे. गाडी लादलेल्या उंचीवर असताना माप घ्या. स्लिप जॉइंट (शाफ्टचा आतबाहेर सरकणारा दातेरी भाग) पूर्ण आत जाऊन टेकू नये, साधारण २५ मिमी आत जायला जागा हवी. उलट फार बाहेर राहिला तर थोड्याच दातांवर भार येतो. कापून जोडताना दोन्ही टोकांचे योक (जोडाचे दुबेळके कान) एका रेषेत हवेत. एक दात जरी सरकला तरी पन्नासच्या पुढे गाडी थरथरते. शेवटी बॅलन्सिंग करून घ्याच, ते पैसे वाचवण्यात अर्थ नाही. स्पीडोमीटरची केबल आणि तिची गरारी जुन्या बॉक्सवरून लागते का, तेही आधी बघा, नाहीतर मीटर खोटं दाखवेल.

प्रश्न : माझी पिकअप सावनेरहून सौंसर, तिथून सिल्लेवानी घाट चढून छिंदवाड्याला जाते. दुसरा गिअर टाकताना करकर होते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की तिसरा गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होतो. मिस्त्री बॉक्स बदला म्हणतो. – एक वाचक, सावनेर

उत्तर : घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रल होणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर. हे मिटेपर्यंत भरलेली गाडी घाटात नेऊ नका.

गिअर सुटला की लगेच बॉक्स उघडायचा, ही घाई नको. आधी बॉक्सखालचं रबर माउंटिंग आणि बेल हाउसिंगचे बोल्ट बघा. माउंटिंग दबलं असेल तर उतारावर बॉक्स मागेपुढे सरकतो आणि लिव्हर गिअरला बाहेर ओढतो. हा दोष थोड्या पैशांत जातो. मग डिटेंटची (गिअर जागी धरणारी) गोळी आणि स्प्रिंग : वरच्या झाकणात असतात, स्प्रिंग थकली की गिअर आपल्या जागी धरून राहत नाही. त्यानंतर फोर्क, म्हणजे स्लीव्ह (गिअर शाफ्टला जोडणारं सरकतं कडं) ढकलणारा काटा. त्याची टोकं झिजली की स्लीव्ह पूर्ण सरकत नाही, गिअर अर्ध्या दातांवर चालतो, दातांची टोकं गोल होतात आणि मग नवी स्प्रिंग टाकूनही गिअर सुटतो. तिथवर गेलं असेल तर स्लीव्ह आणि तिसरा गिअर जोडीनेच बदला. एकच नवा टाकला तर जुना त्याला लवकर खातो.

दुसऱ्या गिअरची करकर बहुतेक सिंक्रो रिंगची (गिअर जुळण्याआधी वेग सारखे करणारी रिंग). पण क्लच पूर्ण सुटत नसला तरी अशीच करकर होते. इंजिन आयडलवर ठेवा, क्लच दाबून पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही दात वाजले तर आधी क्लच. रिंग तपासायची तर ती गिअरच्या कोनावर हाताने दाबून बसवा आणि मधली फट फीलर गेजने मोजा. बहुतेक बॉक्समध्ये नव्या रिंगची फट एक मिमीच्या आसपास असते; अर्ध्या मिमीखाली गेली तर रिंग संपली.

आवाजावरूनही पुष्कळ कळतं. न्यूट्रलमध्ये घरघर होते आणि क्लच दाबला की थांबते, तर इनपुट किंवा ले-शाफ्टचं (बॉक्समधला ओळीने गिअर असलेला खालचा दांडा) बेअरिंग. क्लच दाबल्यावरच सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबणारं). सगळ्या गिअरमध्ये आवाज आणि डायरेक्टमध्ये शांत, तर ले-शाफ्ट. कारण डायरेक्टमध्ये भार त्याच्यावरून जातच नाही.

तेल काढताना ड्रेन प्लगवरचं चुंबक बघा. राखाडी लोण्यासारखा लेप चालतो. तेलात पितळेची चमक दिसली तर रिंगा झिजताहेत. दाताचा तुकडा निघाला तर तुमचा मिस्त्री बरोबर. नाहीतर आहे तोच बॉक्स नीट होईल. घाटाच्या गाडीला ओळखीचा, दुरुस्त केलेला जुना बॉक्स अनोळखी बॉक्सपेक्षा बरा.

प्रश्न : गिअर बॉक्स आणि मागच्या ॲक्सलला एकच ९० नंबरचं तेल टाकलं तर चालतं का? नागपूरच्या उन्हाळ्यासाठी जाड तेल घ्यावं का? – एक वाचिका, वाडी

उत्तर : नंबर एक असला तरी दर्जा वेगळा. डब्यावर जीएल-४ की जीएल-५ ते वाचा. मागच्या हायपॉइड (दात एकमेकांवर घासत फिरणाऱ्या) ॲक्सलला जीएल-५ लागतं, पण त्यातली गंधक-फॉस्फरसची मात्रा पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाही, शिवाय ते इतकं निसरडं की रिंग कोन पकडत नाही. पितळी रिंगांच्या बॉक्सला ८०डब्ल्यू-९० जीएल-४ टाका. काही बॉक्सना कंपनीच दुसरं तेल सांगते. तिथे मॅन्युअलचं ऐका. ४५ अंशांतही याहून जाड तेलाची गरज नाही. जाड तेलाने पहाटेचे गिअर जड पडतात, एवढंच होतं. गाडी सपाट जागेवर उभी करून लेव्हल प्लगच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरा आणि ओघळ थांबला की प्लग लावा. त्याहून जास्त भरलेलं तेल सील फोडून क्लच प्लेटवर येतं.

प्रश्न : बॉक्स बदलला तर एमएच-४० च्या पिकअपच्या आरसीवर नोंद करावी लागते का? – एक वाचक, उमरेड

उत्तर : आरसीवर इंजिन आणि चासीचा नंबर असतो, गिअर बॉक्सचा नसतो. त्यामुळे आरसीतला तपशील बदलत नाही. इंजिन बदलाल तेव्हा मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं आणि आरटीओची परवानगी घ्यावी लागते. बॉक्स बसवण्यासाठी चासीचा क्रॉस मेंबर कापू नका. ब्रॅकेट बोल्टने लावा. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी होतं, आणि तिथे कापलेली चासी लगेच नजरेत येते. जुना बॉक्स विकला असेल तर त्याची आणि नव्याची पावती गाडीच्या कागदांत ठेवा.