वाचकांचे प्रश्न : संकल्पाआधी आजचा आकडा

प्रश्न : मी पतसंस्थेत लिपिक आहे, वय ३४. दर पाडव्याला वहीत लिहितो : एक्सेल शिकायचं, पाच किलोमीटर पळायचं, ९०,००० रुपये बाजूला टाकायचे. वैशाख उजाडेपर्यंत वही कपाटात जाते. चुकतं कुठे?

उत्तर : तिन्ही एकाच दिवशी सुरू करता, तिथेच. पळणं आणि एक्सेल दोघांचाही डोळा तुमच्या संध्याकाळच्या त्याच एका तासावर असतो. पैशाचं काम मात्र वेळ खात नाही, ते आधी लावून टाका. ९०,००० भागिले १२ म्हणजे महिना ७,५००, पण हा भागाकार कागदावरच बरा. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं, मग गणपती, मग दिवाळी. तिथे हप्ता चुकतो, दंड बसतो आणि मन उडतं. त्यापेक्षा ६,००० रुपयांची १२ महिन्यांची आवर्ती ठेव काढा, ७२,००० होतील. उरलेले १८,००० बोनसमधून. बोनस मिळतच नसेल तर ७२,००० हेच ध्येय. हप्ता पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप कापला जाऊ द्या. ‘महिनाअखेरीस उरेल ते टाकू’ म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही.

पळण्यासाठी आठवड्यातले तीनच दिवस धरा, मंगळ-गुरू-शनि. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चाला, मग १ मिनिट पळणं आणि दीड मिनिट चालणं, असं ८ वेळा. पळण्याची मिनिटं हळूहळू वाढवत सुमारे ९ आठवड्यांत सलग अर्ध्या तासावर या. पहिल्याच दिवशी दोन किलोमीटर रेटलेत तर नडग्या दुखतील आणि पंधरवडा घरी बसाल. ‘संध्याकाळी पळायचं’ असं लिहू नका. ‘चहाचा कप विसळून ठेवला की बूट’ असं लिहा. एक्सेलला तोवर हात लावू नका. नंतरही ‘शिकायचं’ नको, ‘थकबाकीची शाखावार यादी पिव्होट टेबलवर (एक्सेलमधला, नोंदी गटागटाने मांडून बेरजा देणारा तक्ता) स्वतः काढायची’ असं लिहा.

प्रश्न : मी मशीन शॉपची सुपरवायझर आहे. केआरएमध्ये, म्हणजे वर्षाच्या कामाच्या उद्दिष्टांच्या कागदात, ‘गुणवत्ता सुधारणे, टीमवर्क वाढवणे’ लिहिलं. साहेबांनी ‘स्मार्ट करून आणा’ म्हणून कागद परत केला.

उत्तर : ‘स्मार्ट’ म्हणजे ध्येय कसं लिहावं हे सांगणारी पाच इंग्रजी अक्षरं (S-M-A-R-T). व्यवस्थापन सल्लागार जॉर्ज डोरान यांनी ती १९८१ मध्ये मांडली, तेव्हा त्यातल्या ‘ए’चा अर्थ होता नेमून देता येईल असं, म्हणजे काम कोण करणार ते. पुढे बहुतेकांनी त्याचं ‘साध्य होण्याजोगं’ करून टाकलं आणि नेमकी कामाची गोष्ट हरवली. तुमच्या कागदावरही तीच नाही.

मागच्या तीन महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर काढा. समजा १०,००० नगांमागे ४२० बाद. कारणांनुसार ढीग पाडा : बोअर (नगातलं भोक) मोठं १९०, बर (कापताना कडेला राहिलेली धार) ११०, हाताळताना ठोके ७०, कास्टिंगमधले ब्लो होल (ओतताना वायूने पडलेल्या पोकळ्या) ५०. ब्लो होल फाउंड्रीकडून, म्हणजे ओतकाम करणाऱ्यांकडून येतात, ते तुमच्या माथी घेऊ नका. सगळ्यात मोठा ढीग उचला आणि लिहा : ‘बोअर मोठं झाल्याने बाद होणारे नग १०,००० मागे १९० वरून ९० वर, ३१ मार्चपर्यंत. इन्सर्ट बदलल्यावर सेटर पहिला नग बोअर गेजने मोजेल, ऑफसेट दुरुस्त करेल, मगच लॉट सुरू. ऑपरेटर दर तासाला एक नग प्लग गेजने तपासेल. नो-गो बाजू आत गेली की मशीन बंद.’ (इन्सर्ट म्हणजे कापणारं बदलतं पातं, ऑफसेट म्हणजे त्याचं मशीनला दिलेलं माप, सेटर म्हणजे मशीन लावून देणारा. नो-गो ही गेजची भोकात जाऊ नये अशी बाजू, ती गेली तर भोक मोठं.)

एक धोका आहे. फक्त रिजेक्शनवर शाबासकी मिळते म्हटलं की बाद नग गुपचूप रिवर्कच्या, म्हणजे पुन्हा दुरुस्तीच्या, क्रेटमध्ये जातात. म्हणून रिवर्कचा आकडा त्याच ओळीत लावा आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन्ही शेजारीशेजारी बघा. रिजेक्शन उतरलं आणि रिवर्क तेवढंच चढलं, तर सुधारलं काहीच नाही.

‘टीमवर्क’ची ओळ सरळ काढून टाका. साहेबांनी धरूनच ठेवलं, तर शिफ्ट बदलताना दोन्ही सेटर मशीनपाशी उभे राहून कुठलं इन्सर्ट कधी बदललं ते रजिस्टरमध्ये लिहून सही करतील, एवढं घाला.