वाचकांचे प्रश्न : कॅराव्हॅन चालवायची, तर लायसन्स कोणतं?

प्रश्न (बोरिवली) : घरच्यांना घेऊन कोकणात फिरायला कॅम्पर व्हॅन घ्यायचा विचार आहे. माझ्याकडे फक्त कारचं लायसन्स आहे. विक्रेता म्हणतो चालेल, एजंट म्हणतो हेवी काढावं लागेल. खरं कोणाचं?

उत्तर : दोघांनीही आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, उघडून बघितलेलं दिसत नाही. गाडीत ओटा आहे की बाथरूम, याच्याशी लायसन्सला काही देणंघेणं नसतं. बघायचं ते वजन. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२१) नुसार ७,५०० किलोपर्यंतचं वाहन हे हलकं वाहन, म्हणजे एलएमव्ही. तुमच्या लायसन्सवर हाच वर्ग असणार.

मात्र कोणतं वजन मोजायचं, यात एक खोच आहे. ड्रायव्हर सोडून सहापर्यंत आसनं असलेली खासगी गाडी 'मोटार कार' ठरते आणि तिचं रिकामं वजन धरतात. सहापेक्षा जास्त आसनं असली की ती 'ऑम्निबस' होते, मग भरलेल्या गाडीचं कमाल वजन, म्हणजे ग्रॉस, धरतात. आरसीवर दोन्ही आकडे छापलेले असतात. आमचा सल्ला, आसनं कितीही असोत, ग्रॉसचाच आकडा ७,५०० च्या आत आहे ना ते बघा. अपघात झालाच तर विमा कंपनीला वाद घालायला जागा उरत नाही. ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनवर बांधलेले कॅम्पर या मर्यादेत आरामात बसतात.

एजंटचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, पण जुनं आहे. पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक गाडी हलकी असली तरी लायसन्सवर 'ट्रान्सपोर्ट'ची वेगळी नोंद लागते, असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात अशी नोंद लागत नाही असा निकाल दिला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायम केला. तुमची गाडी तर खासगीच असणार. 'कॅम्पर व्हॅन, खासगी वापर' हा नॉन-ट्रान्सपोर्टमधला स्वतंत्र वर्ग आहे. आरसीवर तोच लिहिलाय ना, हे पैसे देण्याआधी तपासा.

लायसन्सपेक्षा जास्त घोळ होतो तो सामानाच्या वजनात. १२० लिटरची पाण्याची टाकी म्हणजे १२० किलो. १५० एएचच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या साधारण शंभर किलोच्या घरात जातात. पाच माणसं धरा साडेतीनशे. त्यावर एसी, इन्व्हर्टर, फर्निचरचं प्लायवूड, छतावरचं ऑनिंग, म्हणजे सावलीसाठीचा गुंडाळता पडदा. आरसीवरचा ग्रॉस आकडा कधी ओलांडला ते कळतही नाही. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. म्हणून टाकी भरून, सगळी माणसं बसवून एकदा वजनकाट्यावर गाडी चढवा. एकूण वजन तर घ्याच, पण पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळाही मोजून घ्या. टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवली असेल तर गाडीचं नाक हलकं होतं, स्टिअरिंग सैल वाटतं आणि ओल्या घाटात पुढची चाकं वळणावर घसरतात. टाकी दोन ॲक्सलच्या मधे हवी. कशेडी किंवा आंबा घाट उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका, चढायला लागेल तोच गिअर उतरायलाही ठेवा.

प्रश्न (चेंबूर) : बसच्या चेसिसवरची, साडेनऊ टन ग्रॉसची कॅराव्हॅन घेऊन पर्यटकांसाठी चालवायची आहे. गाडी मीच चालवणार. लायसन्ससाठी काय करावं लागेल?

उत्तर : साडेसात टनांची रेषा ओलांडली, त्यामुळे वर सांगितलेली सूट तुम्हाला नाही. ट्रान्सपोर्ट वर्गच लागेल. वय किमान २० हवं आणि एलएमव्ही लायसन्स हातात येऊन एक वर्ष झालेलं हवं, त्याआधी लर्निंगच निघत नाही. आठवी पासची जुनी अट २०१९ च्या दुरुस्तीत गेली, तरी काही एजंट अजून शाळेचा दाखला मागतात. तो देऊ नका.

सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर नवा वर्ग जोडण्याचा अर्ज भरा. ट्रान्सपोर्टसाठी वय कितीही असलं तरी डॉक्टरांनी सही केलेला फॉर्म १-अ लागतोच. लर्निंग सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही. मोटार ट्रेनिंग स्कूलचं फॉर्म ५ हे प्रमाणपत्रही सक्तीचं आहे. लोक नेमके इथे अडकतात, कारण गल्लीतली बहुतेक स्कूलं फक्त कारचीच असतात. हेवीचा परवाना आणि स्वतःची हेवी गाडी असलेलं स्कूल आधी शोधा आणि मग लर्निंग काढा, नाहीतर सहा महिने स्कूल शोधण्यातच जातील.

टेस्टमध्ये मोठी गाडी वळवताना बरेचजण नापास होतात. बसच्या चेसिसला मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांमागचा भाग, लांब असतो, त्यामुळे पुढे जाताना पुढचं चाक डावीकडे वळवलं की शेपूट उजवीकडे बाहेर फेकलं जातं. कारच्या सवयीने फक्त डावा आरसा बघणाऱ्याचा खांब उजवीकडून पडतो.

ट्रान्सपोर्टची मुदत आता ५ वर्षं आहे. पर्यटकांना पैसे घेऊन नेणार म्हणजे परमिट आणि सार्वजनिक सेवा वाहनाचा बॅज यांचीही तयारी ठेवा. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्याखालची पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी वेगळी आणि आरटीओची कागदपत्रं वेगळी. एक केलं म्हणून दुसरं होत नाही.

प्रश्न (दादर) : माझी पांढऱ्या पाटीची कॅम्पर रिकाम्या दिवसांत ओळखीतल्यांना भाड्याने दिली तर?

उत्तर : देऊ नका. पैसे घेतले की वापर व्यावसायिक होतो. परमिटशिवाय धंदा केल्यास पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि खासगी विमा अशा वेळी हात वर करतो. फुकट दिली तरी घेणाऱ्याचं लायसन्स स्वतः बघा. ते नसेल तर त्याला ५,००० चा दंड होतोच, शिवाय गाडी दिली म्हणून मालकाला वेगळा ५,००० चा.

प्रश्न (मुलुंड) : जुनी १७ आसनी व्हॅन घेऊन गॅरेजमध्ये आतून कॅम्पर करून घेतली तर चालेल का?

उत्तर : फक्त गॅरेजवाल्याच्या भरवशावर नाही. कलम ५२ मुळे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेत केलेले बदल नोंदणीला चालत नाहीत असं स्पष्ट केलं. विनापरवाना प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. त्यानुसार मंजूर झालेलं बांधकाम करणाऱ्याकडूनच काम करून घ्या आणि आरसीवर नवा वर्ग व नवी आसनसंख्या चढल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. मागच्या पलंगावर धावत्या गाडीत कोणी झोपणं हेही विसरा. आरसीवर जितकी आसनं तितकीच माणसं, पट्टा लावून.

प्रश्न (विलेपार्ले) : उन्हाळ्यात जर्मनीत मोटरहोम भाड्याने घेणार आहोत. इथलं लायसन्स साडेसात टनांपर्यंत चालतं, मग तिथे सहा बर्थची मोठी गाडी बुक करू ना?

उत्तर : थांबा. इथला साडेसात टनांचा हिशोब विमानात बसला की संपतो. आंतरराष्ट्रीय परवान्यावर, म्हणजे आयडीपीवर, कारवाल्याला 'बी' वर्ग मिळतो आणि त्याची मर्यादा ३,५०० किलो. जर्मनीतही 'बी' ३,५०० पर्यंतच, त्यापुढे ७,५०० पर्यंत 'सी१'. सहा बर्थच्या पुष्कळ गाड्या या रेषेला चिकटून किंवा तिच्या वर असतात. बुकिंगच्या पानावर बर्थ मोजू नका, कमाल मान्य वजन वाचा. तेच न्यूझीलंडला गेलात तर क्लास १ वर ६,००० किलोपर्यंत चालवता येतं. कॅलिफोर्नियात वजनाऐवजी लांबी बघतात, ४० फुटांपर्यंत साधं लायसन्स पुरतं.

आयडीपी सारथीवरूनच काढायचा. फॉर्म ४-अ, पासपोर्ट, व्हिसा आणि १,००० रुपये. मुदत एक वर्ष. व्हिसा हातात आल्यावरच अर्ज करा. सोबत मूळ लायसन्स न्यावंच लागतं, नुसता आयडीपी दाखवून गाडी मिळत नाही.

प्रश्न (गिरगाव) : वडील ६२ वर्षांचे आहेत. त्यांनी कॅम्पर चालवायला वयाची अडचण येईल का?

उत्तर : वरची वयोमर्यादा नाही. ५५ नंतर नॉन-ट्रान्सपोर्ट लायसन्सचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं आणि चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतो. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर मात्र पुन्हा टेस्ट द्यावी लागेल, तेव्हा आजच कार्डवरची तारीख बघा.