आधी वही, मग ब्रेकर

वाचकांचे प्रश्न : रस्ता आणि अपघात
(उत्तरं देणारे : रस्त्यांच्या कामावर एकतीस वर्षं काढलेले निवृत्त अभियंता, जि. वर्धा)

प्रश्न : काकाजी, नमस्कार. मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावची ग्रामपंचायत सदस्य. आमचा फाटा राज्य मार्गावर आहे. मागच्या दिवाळीपासून तिथं दोघं गेले. त्यातला एक माझ्या जाऊबाईचा भाऊ, बावीस वर्षांचा. ग्रामसभेनं ब्रेकरचा ठराव घेतला. दोन महिन्यांनी उत्तर आलं की हे ठिकाण अपघातप्रवण क्षेत्राच्या निकषात बसत नाही. आणखी किती माणसं गेल्यावर बसेल?

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. आधी निकष सांगतो, कारण तो तुम्हाला कोणी सांगितलेला दिसत नाही. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात मागच्या तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे मिळून ५ अपघात, नाहीतर एकूण १० मृत्यू. निकष मुळात राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, पण बाकीच्या रस्त्यांनाही बहुधा तोच लावतात.

त्यातले ‘गंभीर दुखापतीचे’ हे शब्द पुन्हा वाचा. कायद्यात हाड मोडलं तरी ती गंभीर दुखापत असते. आता आठवा, तीन वर्षांत तुमच्या फाट्यावर किती जणांचे पाय मोडले, किती जणांच्या पायात सळई बसली. दोन मृत्यू आणि असे तीन अपघात झाले की निकष पूर्ण होतो. माझा अंदाज आहे की तुमचं ठिकाण निकषात बसतं. ते कागदावर बसलेलं नाही, एवढंच.

कागदावर का बसत नाही, हे मी नोकरीत असताना फार उशिरा शिकलो. दोन मोटरसायकली धडकल्या, दोघंही पंचक्रोशीतले, तर प्रकरण फाट्यावरच मिटतं. दवाखान्याचा खर्च एकानं द्यायचा, पोलिसांत रिपोर्ट द्यायचा नाही. एकटा माणूस गाडी घसरून मेला, तर कधी गुन्हा नोंदतच नाही, अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरात एक ओळ पडते. जखमीला नागपूरला किंवा सेवाग्रामला नेलं आणि तो आठव्या दिवशी गेला, तर मृत्यूची पहिली नोंद तिथल्या ठाण्यात होते आणि कागद मागाहून आपल्या ठाण्यात येतात. ३० दिवसांच्या आत गेलेला माणूस अपघाती मृत्यूतच मोजायचा असतो, पण आधीचा ‘जखमी’ खोडून ‘मयत’ लिहायला कोणीतरी लक्षात ठेवावं लागतं. आणि चौथी गोष्ट जागेची. फिर्यादीत जागा ‘मौजे अमुक शिवारात, डांबरी रोडवर’ अशी असते. शिवार दोन-दोन किलोमीटर पसरलेलं. तुमच्या फाट्यावरचा अपघात शेजारच्या गावाच्या नावावर गेला तर ५०० मीटरच्या हिशेबात तुमच्याकडून एक वजा.

ही जागेची अडचण मिटावी म्हणूनच आय-रॅड ही अपघात नोंदवायची संगणक प्रणाली आली. मद्रास आयआयटी आणि एनआयसी या सरकारी संगणक संस्थेनं ती उभी केली आणि २०२१ मध्ये ज्या सहा राज्यांत ती आधी सुरू झाली त्यांत महाराष्ट्र होता. पोलिसानं जागेवर जाऊन मोबाइलमध्ये नोंद करायची, म्हणजे अक्षांश-रेखांश आपोआप चढतात. कल्पना उत्तम आहे. पण एका ठाण्याच्या नकाशावर मी अपघातांच्या ठिपक्यांचा ढीग थेट ठाण्याच्या आवारातच पाहिला, कारण नोंदी रात्री परत आल्यावर टेबलावर बसून झाल्या होत्या. त्या हवालदारांना दोष देववत नाही. जखमीला उचलायचं, वाहतूक मोकळी करायची, पंचनामा करायचा, आणि माणसं दोन.

तेव्हा ताई, ब्रेकरचा ठराव बाजूला ठेवा आणि एक वही करा. अपघात किती वाजता झाला, कोणतं वाहन कुठून कुठं चाललं होतं, कशाला कसं धडकलं, अंधार होता का, पाऊस होता का, जखमीला कुठं नेलं, गुन्हा नोंदला का. जागा ‘फाट्यावर’ अशी लिहू नका. किलोमीटरच्या दगडापासून किती पावलं, कोणत्या झाडासमोर, हे लिहा. पोरांना सांगा, मोबाइलच्या नकाशावर खूण करून ठेवतील. मागच्या तीन वर्षांचं पोलीस पाटलांना विचारा, फाट्यावरच्या चहावाल्याला विचारा, पंक्चरवाल्याला विचारा. पंक्चरवाल्याला सगळं माहीत असतं, कारण मोडलेल्या गाड्या त्याच्याच दारात पडून राहतात. आणि ठाण्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लागतं, ३० दिवसांत उत्तर मिळालं पाहिजे. अर्जात कलमं लिहा : जुन्या भारतीय दंड विधानाची (भादंवि) २७९, ३३७, ३३८ आणि ३०४ (अ), १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांसाठी भारतीय न्याय संहितेची २८१, १२५ आणि १०६ (१). सोबत ‘रस्त्यावरील अकस्मात मृत्यू’ हेही मागा, नाहीतर घसरून मेलेले सुटतील.

ही माहिती आली की एका मोठ्या कागदावर फाटा काढा आणि प्रत्येक अपघाताचा एक बाण काढा, कुठून आला, कुठं धडकला. रात्रीचे बाण काळ्या शाईनं, दिवसाचे लाल. आमच्या कामात याला टक्करचित्र म्हणतात. मी पहिलं टक्करचित्र काढलं तेव्हा माझी निम्मी नोकरी झाली होती.

तो फाटाही तुमच्यासारखाच. गावकऱ्यांची मागणी ब्रेकरची, आणि मीही अंदाजपत्रकात ब्रेकरच लिहिला होता. एका हेड कॉन्स्टेबलनं, स्वतःच्या मनानं, तीन वर्षांच्या फिर्यादी काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. म्हणाले, “साहेब, आधी वाचून घ्या.” दोन संध्याकाळी बसून मी बाण काढले. बहुतेक बाण काळे निघाले, एकाच दिशेचे, आणि फाट्यावर जवळजवळ एकही नाही. सगळे फाट्याच्या दीडशे मीटर अलीकडे. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मोटरसायकल मागून येऊन उभ्या किंवा संथ चाललेल्या ट्रॉलीत, नाहीतर बैलबंडीत घुसलेली.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर तिथं जाऊन उभा राहिलो. कापसाचा हंगाम. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, लवकर नंबर लागावा म्हणून भरलेल्या गाड्या तिथंच रांगेत थांबत. रस्त्याखाली का उतरत नाहीत, तर आम्ही दोन वर्षांपूर्वी डांबराचा नवा थर दिला होता आणि साइडपट्टी भरलीच नव्हती. काळी माती पावसात खचून डांबराची कड वीतभर उंच झालेली. भरलेली ट्रॉली तिथून उतरवली तर कलंडते. म्हणून ती डांबरावरच उभी. मागं लाल दिवा नाही. आणि ताडपत्रीतून बाहेर आलेला कापूस, जो दिवसा मैलावरून दिसतो, तो समोरून गाडीचा प्रकाश आला की दिसतच नाही. ताशी ८० चा वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पोराला ट्रॉली दिसेपर्यंत काही करण्याइतकं अंतर उरत नव्हतं.

तिथं ब्रेकर बांधला असता तर ती रांग अंधारात आणखी लांबली असती. ती माझ्या सहीनं लांबली असती, हे मला आजही विसरता येत नाही. मग ब्रेकरऐवजी मुरूम टाकून दोन्ही बाजूंची साइडपट्टी डांबराच्या बरोबरीला आणली, गाड्यांना थांबायला फाट्यापलीकडे जागा सपाट केली, एक दिवा लावला. ट्रॉल्यांना आणि बंड्यांना मागून चकाकणाऱ्या पट्ट्या गावातल्या पोरांनीच एका रविवारी चिकटवल्या.

तुमच्या फाट्यावर कदाचित वेगळं निघेल. बाण जर रस्ता ओलांडणाऱ्या पायी माणसांवर येत असतील तर वेग कमी करणं हाच उपाय, आणि तिथं ब्रेकर मागा. पण तो नियमातला मागा : १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद, ताशी २५ च्या वेगानं गाडी नीट पार होईल असा, अलीकडे फलक आणि वर पांढरे पट्टे. रातोरात टाकलेला मुरमाचा उंचवटा नको. त्यावर मागं बसलेल्या कितीतरी बाया पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

आणखी एक. एकाच वर्षाच्या आकड्यावर भांडू नका. एका हंगामाच्या पिकावरून जमिनीची प्रत कोणी ठरवत नाही. वाईट वर्षानंतर आकडा पुष्कळदा आपोआप उतरतो आणि काहीही न करणारा त्याचं श्रेय घेतो. तीन वर्षं मागची मांडा, आणि काम झाल्यावरही वही बंद करू नका, तीन वर्षं पुढं लिहा. टक्करचित्र, वहीची नक्कल आणि गुन्ह्यांची यादी जिल्हाधिकारी ज्याचे अध्यक्ष असतात त्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या. ठरावाला ‘निकषात बसत नाही’ म्हणता येतं. बाण काढलेल्या कागदाला तसं म्हणण्याआधी कोणालातरी जागेवर यावं लागतं.

प्रश्न : मी मेहकर तालुक्यात शिक्षक आहे. आमचा खड्ड्यांचा रस्ता सिमेंटचा झाला आणि अपघात वाढले. सरकारी अहवालात कारण ‘अतिवेग’ लिहिलेलं असतं. म्हणजे चूक चालवणाऱ्याचीच ना? मग आकडेवारी गोळा करून काय उपयोग?

उत्तर : सर, २०२२ च्या केंद्राच्या अहवालात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेल्याची नोंद आहे, महाराष्ट्रात १५,२२४. देशातल्या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या रकान्यात आहेत. पण हा रकाना कसा भरतो ते पाहा. जवळपास प्रत्येक फिर्यादीत एकच वाक्य असतं : ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून’. गुन्हा सिद्ध करायला ते लागतं. पण त्यात रस्त्याची खचलेली कड नसते, वळणावरची बाभूळ नसते, बंद दिवा नसतो. चालवणारा चुकला असेल, ते मी नाकारत नाही. त्याच जागी निरनिराळी माणसं वर्षानुवर्षं तीच चूक करत असतील, तर मात्र जागेकडे बघावं लागतं. स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्ये हेच धोरण म्हणून स्वीकारलं : माणूस चुकणारच, त्याचा जीव जाणार नाही असा रस्ता बांधायचा. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. सुरक्षिततेचे निकष न पाळता रस्ता बांधला किंवा राखला आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. ते लावायला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे हीच आकडेवारी.

खड्डे होते तेव्हा तेच वेग धरून ठेवत होते. आता ६० चे ८० झाले, म्हणजे धडकेचा जोर पावणेदोन पट. रस्ता बदलला, पण शाळेचं फाटक होतं तिथंच राहिलं. तुमच्या नववी-दहावीच्या मुलांना अर्धा तास रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभं करून मोजायला लावा : किती जण रस्ता ओलांडतात, किती गाड्या जातात, किती जणांच्या डोक्यावर हेल्मेट आहे. देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आहेत. गणिताच्या तासाला याहून खरं उदाहरण मिळणार नाही.

प्रश्न : वरुडकडून येताना रात्री एक माणूस रस्त्यावर पडलेला दिसला. मी आणि मित्रानं त्याला दवाखान्यात नेलं. धडक देणारी गाडी पळून गेली होती. घरचे म्हणतात, आता पोलिसांच्या भानगडीत पडू नको. काय करू?

उत्तर : बेटा, आधी तुझं कौतुक. घरच्यांना सांग, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणि नंतर मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होण्याचीही नाही.

पण जमलं तर जबाब दे. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या प्रकरणात मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार भरपाई १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. ‘अज्ञात वाहनाची धडक’ अशी नोंद झाली नाही, ‘स्वतः घसरून पडला’ असं लिहिलं गेलं, तर त्या घराला ते पैसे मिळणार नाहीत, आणि त्या जागेच्या हिशेबातूनही तो अपघात निघून जाईल. ते तुम्ही दोघांनी पाहिलंय, दुसऱ्या कोणी नाही. त्या रात्री मोबाइलवर फोटो काढला असशील तर पुसू नकोस, त्यात वेळ असते, पुष्कळदा जागाही असते. नसेल काढला तर उद्या दिवसा मोठ्या माणसाला सोबत घेऊन जा, किलोमीटरचा दगड बघ, काचेचे तुकडे अजून तिथंच असतील.