जावई निर्दोष सुटला, आता अपील कोण करणार?

विवाहितेचा मृत्यू, पतीवर खुनाचा संशय आणि सत्र न्यायालयाच्या निकालानंतरचं अपील याबद्दल पुणे जिल्ह्यातल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

माझ्या मुलीच्या खुनाच्या खटल्यात शिवाजीनगर कोर्टानं जावयाला संशयाचा फायदा देऊन सोडलं. सरकारी वकील म्हणतात, 'अभिप्राय वर पाठवतो, बघू.' आम्ही वाट पाहायची का? (एक वडील, इंदापूर)

वाट पाहू नका. सरकारचं अपील सरकारी वकिलांच्या अभिप्रायापासून विधी व न्याय विभागाच्या मंजुरीपर्यंत फिरतं आणि त्यानंतरही उच्च न्यायालयाची परवानगी लागते. तुमचा हक्क त्या फाइलवर अवलंबून नाही. २००९च्या अखेरीपासून पीडिताला निर्दोष सुटकेविरुद्ध स्वतः अपील करता येतं. फौजदारी खटले कसे चालवायचे हे सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम ४१३ मध्ये आहे, जुन्या संहितेत ती ३७२ मध्ये होती. मुलगी हयात नसताना तिचे वडील म्हणून तुम्ही हे अपील करू शकता. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडागली प्रकरणात सांगितलं आहे.

या कलमात मुदत लिहिलेली नाही, त्यामुळे तिच्यावरून वाद होतात. तुम्ही ६० दिवसांच्या आत अपील दाखल करा, म्हणजे तो वादच उरणार नाही. निकालाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज आजच नक्कल विभागात द्या. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वगळला जातो. अपील मुंबईला दाखल करायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या (फिरत्या खंडपीठाच्या) सहा जिल्ह्यांत पुणे नाही.

आता कटू भाग. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या बाजूनं निरपराधित्वाचं गृहीतक दुप्पट बळकट होतं. पुराव्यातून दोन निष्कर्ष निघू शकत असतील आणि खालच्या कोर्टानं त्यातला सुटकेचा घेतला असेल, तर उच्च न्यायालय सहसा तो बदलत नाही. चंद्रप्पा प्रकरणातल्या २००७च्या निकालात हे नीट मांडलेलं आहे. म्हणून 'न्यायाधीशांनी आमचं ऐकलं नाही' या भावनेवर अपील उभं राहत नाही. निकाल हातात घ्या आणि एकच गोष्ट शोधा: रेकॉर्डवर असलेला कोणता महत्त्वाचा पुरावा न्यायाधीशांनी विचारातच घेतला नाही, किंवा चुकीचा वाचला? ती जागा सापडली तर अपिलात जीव आहे. ती सापडली नाही, तर वकिलाकडून तसं स्पष्ट ऐकून घ्यायची तयारी ठेवा. खोटी आशा दाखवून घरदार विकायला लावणारे भेटतात, म्हणून हे लिहितो आहे.

भावाला पत्नीच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली, तो येरवड्यात आहे. निकालात म्हटलंय की घरात तोच होता आणि त्यानं समाधानकारक खुलासा दिला नाही. पण त्या रात्री तो चाकणला नाइट शिफ्टला होता! नुसत्या खुलाशावरून शिक्षा होते? (एक बहीण, धायरी)

नुसत्या त्यावरून होत नाही, होऊ नये. पण कायदा इथे दोन टोकांमध्ये उभा आहे, तो समजून घ्या.

जी गोष्ट फक्त आरोपीलाच माहीत असणार, तिचा खुलासा त्यानं करायचा असतो. हे पुरावा कायद्याचं जुनं कलम १०६, आता साक्ष अधिनियमाचं १०९. त्रिमुख किरकन प्रकरणात (२००६) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की घराच्या चार भिंतींत पत्नीचा खून झाला आणि पतीनं खुलासा केलाच नाही किंवा खोटा केला, तर ती त्याच्याविरुद्धची जादा कडी ठरते. हे रास्तच आहे. बंद दाराआडच्या खुनाला साक्षीदार आणणार कुठून?

दुसरं टोक आपल्या पुण्यातच घडलं. १९८२च्या जूनमध्ये इथल्या एका नवविवाहितेचा सायनाइडनं मृत्यू झाला. सत्र न्यायालयानं पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. सारडा खटला म्हणून तो कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं त्यातलीच: प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध हवी, ती फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळणारी हवी, तिचा रोख निर्णायक हवा, दुसरी प्रत्येक शक्यता बाद व्हायला हवी आणि साखळी अखंड हवी. आरोपीचा खुलासा खोटा निघाला तरी तो तुटलेली साखळी जोडू शकत नाही. साखळी आधी सरकार पक्षानं पूर्ण करायची.

तुमच्या भावाच्या बाबतीत सगळं पहिल्याच कडीवर अडतं. तो त्या वेळी घरात होता, हे सरकार पक्षानं कशावरून सिद्ध केलं? शेजाऱ्याच्या साक्षीवरून, मोबाइलच्या टॉवर लोकेशनवरून की नुसतं 'नवरा आहे म्हणजे असणारच' म्हणून? तिसरं असेल तर कलम १०९ची पाळीच येत नाही. मात्र 'मी कामावर होतो' हा बचाव आरोपीनं स्वतः शाबीत करायचा असतो. कंपनीचं हजेरीपत्रक निशाणी पडून (म्हणजे पुरावा म्हणून क्रमांक मिळून) रेकॉर्डवर आलंय का, ते आधी तपासा. आलं नसेल तर अपिलात जादा पुराव्याचा अर्ज करता येतो (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३२), पण 'खटल्यात का आणलं नाही?' या प्रश्नाला ठोस उत्तर लागतं आणि असे अर्ज क्वचितच मंजूर होतात.

अपिलाची मुदत ६० दिवस. सोबत त्याच संहितेच्या कलम ४३० खाली शिक्षेला स्थगिती आणि जामिनाचा अर्ज जातो. खुनाच्या शिक्षेत तो सहज मिळत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर कारागृहातून विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायला भावाला सांगा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे.

बहीण चार दिवसांपूर्वी गेली. लग्नाला चार वर्षं झाली होती. सासरचे म्हणतात गळफास घेतला, आम्हाला खात्री आहे तिला मारलं. आता काय करू? (एक भाऊ, पिंपरी)

तुमचा प्रश्न अपिलाचा नाही, तरी मी तो मुद्दाम घेतला. अपिलात आम्ही वकील ज्या कागदांवर तासन्‌तास बोलतो ते तुमच्या या आठवड्यातच तयार होत असतात. इथे राहिलेली उणीव पुढे उच्च न्यायालयातही भरून निघत नाही.

लग्नाला सात वर्षं झालेली नसल्यामुळे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी आणि शवविच्छेदन व्हायला हवं. ते झालं का, हे लेखी विचारा. शवविच्छेदनाच्या अहवालात गळ्यावरच्या वळाचं वर्णन शब्दन्‌शब्द वाचा. गळफासात वळ सहसा कंठाच्या वरच्या बाजूला, तिरका, गाठीकडे चढत जाणारा आणि गाठीपाशी तुटलेला असतो. दोरी किंवा ओढणीनं आवळल्यावर तो बहुधा आडवा, खाली आणि मानेभोवती पूर्ण फिरलेला दिसतो. आतल्या स्नायूंत रक्त साकळलेलं आणि कंठाजवळची हाडं-कूर्चा मोडलेली असण्याची शक्यता जास्त. याला अपवाद असतात, म्हणून एका खुणेवर कोणी निष्कर्ष काढू नये. अहवालात 'गळ्यावर वळ' एवढंच असेल, तर डॉक्टरांचा खुलासा मागवा असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या.

घटनास्थळ पंचनाम्यात पंख्याची जमिनीपासूनची उंची, खाली स्टूल होतं का, दाराची कडी आतून होती का आणि ती कोणी, कशी उघडली, हे असायला हवं. ओढणी गाठ न सोडता कापून जप्त केली का? गाठ सोडली असेल तर एक मोठा पुरावा गेला.

बहिणीचे तुम्हाला आलेले मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका. तिच्या मृत्यूला कारण ठरलेल्या परिस्थितीविषयी तिनं लिहिलेलं असेल, तर ते मृत्युपूर्व कथन म्हणून ग्राह्य धरता येतं. सारडा खटल्यात पत्रांवरून हाच मुद्दा आला होता. स्क्रीनशॉट पुरेसा नाही. डिजिटल पुराव्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन पंचनामा करून पोलिसांकडे द्या.

आणि जबाब देताना जे तुम्हाला माहीत आहे तेवढंच सांगा. हुंड्याची मागणी झाली नसेल तर रागाच्या भरात ती घालू नका. उलटतपासणीत एक वाढवलेलं वाक्य सापडलं की कोर्ट तुमच्या खऱ्या वाक्यांवरही शंका घेतं. बहिणीसाठी तुम्ही करू शकाल असं सगळ्यात मोठं काम म्हणजे खरं आणि तेवढंच बोलणं.

मी शेजारी म्हणून साक्ष दिली होती. आता मुंबईला पुन्हा जावं लागेल का? (हडपसर)

बहुधा नाही. अपिलात साक्षीदार पुन्हा तपासत नाहीत, तुमची नोंदलेली साक्षच वाचली जाते.

मुलगी गेली, जावई सुटला. नातू आमच्याकडे आहे. कात्रजचा फ्लॅट मुलगी आणि जावयाच्या नावावर होता. आता जावई तो विकायला निघालाय. (एक आजी, सातारा रस्ता)

आजी, तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येत असाल तर त्याचं कलम २५ तुमच्या कामाचं आहे. खून करणाऱ्याला खून झालेल्या व्यक्तीचा वारसा मिळत नाही. फौजदारी कोर्टानं संशयाचा फायदा दिला म्हणून दिवाणी कोर्टाचं दार बंद होत नाही, कारण तिथे पुराव्याची कसोटी वेगळी असते: कोणती बाजू अधिक संभवनीय, एवढं पाहिलं जातं. तरी सुटकेचा निकाल जावई पुढे करणारच, त्यामुळे दावा सोपा असेल असं समजू नका. तो अपात्र ठरला तर मुलीचा हिस्सा नातवाचा. अपात्र नाही ठरला तरीही मुलीच्या हिश्श्यात नातू वारस आहेच, त्यामुळे पूर्ण फ्लॅट जावयाला एकट्यानं विकता येणार नाही. नातवाच्या वतीनं दिवाणी दावा लावून विक्रीला मनाई हुकूम मागा, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. नातवाच्या ताब्यासाठी कौटुंबिक न्यायालयात वेगळा अर्ज करा. तिथे मुलाचं हित हाच निकष आहे, म्हणून त्याची शाळा, दवाखाना, खर्च यांच्या पावत्या आतापासून एका फाइलला लावून ठेवा.