एकट्याच्या पगारावर घर चालतं, कंपनीचा ताण आणि पैशाचं टेन्शन दोन्ही कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की घरात कमावता मी एकटाच, कंपनीत कधी काय होईल भरवसा नाही, हप्ते चालू आहेत, रात्री झोप लागत नाही आणि घरी काही सांगत नाही कारण "त्यांना उगाच टेन्शन नको". ते शेवटचं वाक्य वाचलं आणि गप्प बसवलं नाही. बाकी चालायला जाणं, प्राणायाम, मोबाईल लांब ठेवणं हे सगळं चांगलंच आहे, करा. पण तुमचं खरं दुखणं त्या शेवटच्या वाक्यात आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं आजही पटत नाही.

मी चाकणला एका व्हेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीला आहे. राहायला मोशीत, गाव लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात. गावी आई, आबा, दादा, वहिनी आणि त्यांची पोरं. इथे मी, बायको आणि मुलगी. २०२१ ला फ्लॅट घेतला तेव्हा व्याजदर खाली होते, सात टक्क्याच्या आसपास. वीस लाखाला वीस वर्षांसाठी साडेपंधरा हजारांचा हप्ता बसला. मग मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, वाढवायला सुरुवात केली ती फेब्रुवारी २०२३ पर्यंत चार टक्क्यांचा साडेसहा झाला, म्हणजे अडीच टक्के वर, आणि माझ्या कर्जाचा दरही तेवढाच चढला. याचा अर्थ काय ते हिशोब करून बघा, वीस लाखावर साडेनऊ टक्क्याने नुसतं व्याजच महिन्याला १५,८०० च्या वर जातं, म्हणजे जुन्या हप्त्यात व्याजसुद्धा पूर्ण भागत नाही! तेव्हा बँका आधी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायच्या, एक मेसेज यायचा, आपण शिफ्टच्या गडबडीत बघायचो न बघायचो, आणि मुदत सगळी ताणून झाली की मग हप्ता वाढायचा. माझ्या बायकोने तो मेसेज नीट वाचला, शाखेत जाऊन कर्जाचा पूर्ण तक्ता मागून आणला आणि रात्री माझ्यासमोर ठेवला. तोवर थोडं मुद्दल फिटलं होतं म्हणून महिन्याच्या हप्त्यातले जेमतेम दोनशे रुपये तरी मुद्दलात जमा होत होते, बाकी सगळं व्याज. तिला हे बघता आलं कारण पगाराची स्लिप, बँकेचं पासबुक, सगळं पहिल्यापासून तिच्यासमोर असायचं.

त्याच पाडव्याला गावी गेलो तर धाकट्या बहिणीच्या लग्नाची बैठक ठरलेली. दादाचं म्हणणं होतं लग्न मंगल कार्यालयातच, पंगत मोठी, फर्निचर द्यायचं, नाहीतर लोक नावं ठेवतील, आणि तू पर्मनंट नोकरीवाला आहेस तर पाच लाखाचं पर्सनल लोन काढ. चौदा टक्क्याने पाच वर्षांसाठी पाच लाख म्हणजे महिन्याला ११,६०० चा हप्ता, हे दादाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही, पण "तू बघून घेशील" हा त्याचा ठरलेला शब्द. मी मुलीच्या बॅगेतली चौरेघी वही काढली आणि सगळ्यांसमोर ओसरीवर लिहायला बसलो. हातात येतात ३८,०००. घराचा हप्ता १५,५००. गावी ८,०००. शाळा आणि व्हॅन ४,५००. किराणा, दूध, गॅस ९,०००. लाईट, पेट्रोल, मोबाईल, सोसायटीचा मेंटेनन्स मिळून ४,०००. विमा २,०००. बेरीज ४३,०००. खाली रेघ मारून उणे पाच हजार लिहिलं आणि वही आईच्या पुढ्यात ठेवली. आई सातवीपर्यंत शिकलेली, तिने बोट फिरवत फिरवत सगळं वाचलं आणि म्हणाली, "मग तू इकडं आठ पाठवायलास ते कुठून?" मी म्हटलं ओटीमधून, ओव्हरटाईममधून. रविवारी जातो, सेकंड शिफ्ट करून कधी थर्डला थांबतो त्यातून. ती म्हणाली, "आम्हाला औषधाला अन् तेलामिठाला पाच लई झाले. पाचच पाठव."

दादा भडकला. म्हणाला, "बायकांपुढं पैशाचं काय काढायलास? कर्त्या माणसानं असलं रडगाणं घरात गाऊ नाही. आबांनी कधी काढलं का?"

आबांनी नाही काढलं, खरं आहे. त्र्याण्णवला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या माळवदाच्या भिंती फाटल्या होत्या, घर परत उभं करायला आबांनी बाहेरून खाजगी पैसे उचलले आणि आईला ते कळलं कधी, तर दारातली बैलजोडी बाजाराला निघाली तेव्हा. मी लहान होतो पण आईचा त्या दिवशीचा आवाज माझ्या लक्षात आहे. ती कर्जावर चिडली नव्हती, "मला आधी सांगितलं असतं तर मी पाटल्या दिल्या असत्या, बैल ठेवले असते" हे ती म्हणत होती. हे सगळं दादानेही ऐकलंय, माझ्यापेक्षा मोठा आहे तो! तरी त्याला आबांचं गप्प बसणं मोठेपणाचं वाटतं, मला ते घराचं नुकसान वाटतं, आणि इथे आमचं जमत नाही.

शेवटी बहीणच म्हणाली मला फर्निचर नको, आणि लग्न दारात मांडव टाकून झालं, खर्च दोन्हीकडून निम्मा निम्मा. माझ्या वाट्याला जे आलं ते मी पीएफमधून काढलं. तेव्हाच्या नियमाने सात वर्षं झालेल्याला स्वतःच्या हिश्श्यातले निम्मे पैसे लग्नासाठी काढता यायचे, स्वतःच्या, मुलांच्या आणि भावा-बहिणीच्यासुद्धा. पीएफला हात लावू नये असं शहाणी माणसं सांगतात, बरोबरच आहे, पण चौदा टक्क्याच्या हप्त्यापेक्षा ते परवडलं. आणि आईने सांगितले तसे पाच पाठवायला लागलो म्हणून पुढे घराचा हप्ता वाढून साडेअठराच्या आसपास गेला तेव्हा जमलं.

आता तुमच्या कामाच्या ताणाचं. कंपनीतलं प्रेशर मला नवीन नाही, कस्टमरकडे एक लॉट रिजेक्ट झाला की रात्री दोनला फोन येतो, लाइन थांबली की डेबिट नोटची, म्हणजे नुकसान आमच्या बिलातून कापायची भाषा, ऑडिटच्या आठवड्यात जेवायचं भान राहत नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं बीपी १५०/१०० निघालं होतं तेव्हा डॉक्टरांनी गोळीच्या आधी झोप किती होते ते विचारलं. पण माझा अनुभव असा की यातला निम्मा ताण कामाचा नसतोच, साहेबाला नाही म्हटलं आणि नोकरी गेली तर घराचं काय ही भीती असते. आणि ती भीती एवढी मोठी वाटते कारण नेमका आकडा कुणाला माहीत नसतो, कधीकधी आपल्यालाही नसतो. बायको आणि मी बसून काढलं की पगार बंद झाला तर किती महिने घर चालेल, काय काय लगेच थांबवता येईल, मुलीची व्हॅन बंद करून कोण सोडेल इथपर्यंत. उत्तर तीन महिने आलं. तीन काही फार नाहीत पण ते कळल्यावर मी साहेबाला पहिल्यांदा सांगितलं की दर रविवारी येणार नाही, महिन्यातून दोन येईन. त्याने तोंड वाकडं केलं, एवढंच झालं. ओटी कायद्याने दुप्पट दराने द्यायचा असतो हेही लक्षात ठेवा, व्हेंडरकडे बऱ्याच ठिकाणी सिंगलने देतात आणि माणसं गप्प घेतात.

टर्म इन्शुरन्स काढलेला असेलच. पण पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाला मिळावेत त्याची नोंद, केलंय का ते आज बघा, लग्नाआधीचं असेल तर बदला. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफसोबतच्या विम्याचे जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत घरच्यांना मिळतात, आणि किती तरी घरात बायकोला हे माहीतच नसतं. एकटा कमावता असाल तर ही माहिती लपवून ठेवणं मला गुन्ह्यासारखं वाटतं, बोचेल पण लिहितोच.

आणि कुणाला जामीन राहू नका. सख्खा असला तरी. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक कर्जदाराला सोडून सरळ तुमच्या मागे लागू शकते. "फक्त सही तर करायची" असं म्हणणाऱ्याला हे माहीत असतं. दादाच्या ट्रॅक्टरला मी सही दिली नाही, त्यावरून दोन दिवाळ्या तो माझ्याशी बोलला नाही, तरी मी आजही देणार नाही.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या आता लिहितो. माझी बायको आणि आई समजूतदार आहेत, सगळीकडे तसं नसतं, काही घरात आकडा सांगितला की तोच आकडा भांडणात तोंडावर फेकला जातो, तिथे आधी एकाच माणसाला सांगा, ज्याच्या पोटात राहील त्याला. मी पर्मनंट आहे, कॉन्ट्रॅक्टवरच्याला रविवार नाकारता येत नाही हे मला माहीत आहे, त्याला माझा सल्ला लागू होईलच असं नाही. बायकोने नोकरी करावी की नाही हे तिलाच ठरवू द्या, ताण आला म्हणून तिला कामाला जुंपणं हा उपाय नाही, पण तिची इच्छा असेल तर पुरुषपणाच्या नावाखाली अडवू पण नका. कर्ज विनापरवाना सावकाराचं असेल तर प्रकरण वेगळं, महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकांकडे तक्रार करता येते. आणि मनात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर पैशाचा हिशोब नंतर, आधी १४४१६ ला फोन करा, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. छातीत दुखत असेल तर मात्र ताण म्हणून सोडून देऊ नका, सरळ दवाखाना गाठा.

माझा दादा मोबाईलवर हे सगळं वाचतो म्हणून त्याच्यासाठीही लिहितो. दर मार्चला गावच्या सोसायटीच्या पीककर्जाचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं भरून नवं उचलायला, तू बाहेरून पैसे उचलतोस, सोयाबीनला भाव नसला की तेही अंगावर राहतात, आणि वहिनीला यातलं सोसायटीचं किती नि बाहेरचं किती हे आजपर्यंत माहीत नाही. तिच्या नावावर एक एकर आहे, त्यावर कर्जाचा बोजा आहे का हेसुद्धा तिला सातबारा बघून कळणार का? तुलाही झोप लागत नाही हे आईने मला फोनवर सांगितलंय. येत्या दिवाळीला मी परत वही घेऊन ओसरीवर बसणार आहे, या वेळी आकडे तुझे असतील, आणि वहिनी समोर असेल.